यातून मुलं काय घेणार?

शाळांसाठी गोष्टीची पुस्तकं निवडायचं काम अंगावर घेऊन बघा. किस्से घरपोच येतात! आम्ही तिघं: निवृत्त शिक्षिका शैलाताई, कुलकर्णी सर आणि मी. दर शनिवारी गंगापूर रोडला शैलाताईंकडे बसतो, पुस्तकं निवडतो आणि पेटी भरून सायखेड्याच्या शाळेत नेतो. मुलांनी आपणहून पुस्तक घरी न्यावं, एवढ्यासाठी सगळा आटापिटा!

*

सरांना प्रत्येक पुस्तकात बोध लागतो. एकदा शिंकणाऱ्या बोकडाची गोष्ट हातात आली. सरांनी चष्मा वर केला, "छान आहे हो, पण यातून मुलं काय घेणार?"

शैलाताई म्हणाल्या, "पुस्तक घेतील ना, सर! तेवढं घेतलं तरी गंगेत घोडं न्हालं!"

*

एका गृहस्थांनी "बालवाचकांसाठी" म्हणून पिशवीभर पुस्तकं आणून दिली. उघडली तर दहावीची गाइडं, आणि तळाशी "मधुमेहींचा आहार"!

"राहू द्या," शैलाताई म्हणाल्या. "हल्ली मुलं चॉकलेटं फार खातात!"

*

सरांनी एकदा शाळेत स्वतः गोष्ट वाचून दाखवली. काय वाचतात! मुलं अगदी गुंग. संपल्यावर सरांना राहवेना. "मग, या गोष्टीतून आपण काय शिकलो?"

मागून एक पोरगी उठली. "सर, गोष्ट आवडली तरी आवडली म्हणायचं नाय. लगेच प्रश्न येत्यात!"

सर खो खो हसले. तेव्हापासून नुसती गोष्ट सांगतात, आणि स्वतःच जास्त खूश असतात.

*

सातवीतली सुरेखा मूळची पेठ तालुक्याकडची. आईबाप द्राक्षबागांच्या कामाला गावोगाव फिरायचे, त्यात हिची शाळा सारखी तुटली. अक्षर अक्षर जुळवून वाचायची. पेटीतलं अस्वलाचं पातळ पुस्तक उचलायची, वरचं "वय पाच ते सात" हे आमचं स्टिकर बघायची आणि गुपचूप ठेवून द्यायची. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी म्हणाली, "मॅडम, हे भावाला नेऊ? बारका हाय तो."

"ने की गं!"

मग दर खेपेला भावासाठी एक पुस्तक. मी कौतुकानं तिच्या बाईंना म्हटलं, "भावावर किती जीव हो हिचा!"

"कुठला भाऊ?" बाई म्हणाल्या. "एकुलती एक आहे ती!"

मला भरूनच आलं. त्या शनिवारी आम्ही तिघांनी बसून सगळी स्टिकरं खरवडून काढली. सरांनी तर नखं दुखेपर्यंत!

पुढच्या खेपेला सुरेखा पेटीपाशी हजर. मी विचारलं, "काय गं, आता भावाला कसलं पुस्तक देऊ?"

तिनं जरा विचार केला.

"यावेळी जाडं द्या, मॅडम. पण अक्षर मोठं बघा हां. आत्ताच कुठं वाचाया लागलाय तो!"