कुलूप

माझ्या भावाला अख्ख्या फुटबॉल लीगमध्ये ‘कुलूप’ म्हणत. त्याच्या बाजूने कोणी आत शिरत नसे. त्याचं खरं नाव फक्त रेफरीच्या वहीत असायचं, आणि तिथे ते बऱ्याचदा पिवळ्या कार्डाच्या रकान्यात असायचं. मी त्याला दादा म्हणते.

तो कधीच वरच्या लीगमध्ये खेळला नाही. खालच्या लीगमध्ये मात्र गुडघ्यांचा भुगा होईपर्यंत खेळला. दर दोन-तीन वर्षांनी नवा क्लब, नवी भाड्याची खोली, आणि भिंतीत बूट टांगायला ठोकलेला नवा खिळा. सुट्टीच्या महिन्यांत तो गोदामात खोकी उचलायचा, कारण क्लबवाले त्या महिन्यांत ओळखसुद्धा देत नसत. तरीही तो वर जाणार हे एकेकाळी सगळे धरून चालले होते. तो का गेला नाही, हे सांगायला मी बसले आहे. माझ्या बोलण्यात विष जाणवलं तर ते विषच आहे.

दादाच्या पहिल्या क्लबात त्याच्या शेजारी गोड्या खेळायचा. दोघे एका वयाचे, एका गल्लीतले. गोड्याच्या जिभेवर कायम साखर, म्हणून हे नाव. आमच्या घरी येऊन त्याने कितीदा जेवून घेतलंय, ते भांडी घासणारीला, म्हणजे मला, विचारा. संघाचा कॅप्टन तो असल्यामुळे हाक त्याची असे.

हाक म्हणजे काय, ते सांगते. मागच्या फळीतल्या चौघांपैकी एकाने ‘वर!’ असं ओरडायचं आणि चौघांनी एकदम पुढे सरकायचं. मग समोरचा खेळाडू गोलच्या बाजूला एकटाच उघडा पडतो आणि ऑफसाइडची शिट्टी होते. चौघांतला एक जरी मागे राहिला तरी शिट्टी नाही, आणि समोरच्याला गोलपर्यंत रान मोकळं. म्हणून हाक आली की विचार करायचा नाही आणि मागे बघायचं नाही. शेजाऱ्यावर विश्वास टाकायचा आणि निघायचं.

त्या वर्षीचा शेवटचा सामना जिंकला असता तर क्लब वरच्या लीगमध्ये जाणार होता. संपायला थोडाच वेळ असताना गोड्याने हाक दिली. दादा पुढे गेला, आणि त्याला बघून कडेचे दोघेही सरकले. हाक देणारा गोड्या मात्र जागेवर थिजला. गोल झाला. सामना गेला.

कोचने विचारलं तेव्हा गोड्या म्हणाला, “मी हाक दिलीच नव्हती.”

मैदानात इतका गोंगाट होता की कडेच्या दोघांनी काही ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, आम्ही कुलपाला बघून निघालो. झालं. पेपरात फोटो आला, त्यात दादा पुढे एकटाच, हात वर करून मूर्खासारखा उभा. त्या महिन्यात दादाला क्लबने नारळ दिला आणि गोड्याला वरच्या लीगमधल्या क्लबने उचललं.

हेही दादाने गिळलं असतं. त्याला गिळता आलं नाही ते बाबांचं. बाबा पत्र्याच्या कारखान्यात हातोड्याच्या मशिनीवर होते. दादाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता, पाळी बदलून यायचे. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “तुला पुढे कोणी बोलावलं होतं?”

दादा म्हणाला, गोड्याने हाक दिली. बाबा म्हणाले, तो तर नाही म्हणतो. आणि त्यानंतर बाबा मैदानावर गेले नाहीत. ते भांडलेही नाहीत. दादा सुट्टीत घरी आला की ते त्याला तब्येत विचारायचे, प्रवास विचारायचे, पण खेळाचं नाव काढायचे नाहीत. दादा पुढ्यात बसून, मान खाली घालून जेवायचा. बाबांच्या लेखी तो खोटं बोलणारा मुलगा होता. ते त्याला पुसून टाकायचं होतं, बाकी काही नाही.

मी मात्र इतकी साधी नाही. गोड्याचा गुडघा दुखावल्याची बातमी आली त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना बिस्किटं वाटली. कोणी कारण विचारलं तर म्हटलं, घरात चांगलं झालंय.

वर गेलेले एक दिवस खाली येतातच. पाय जड झाले तसा गोड्याही आला, आणि आला तो नेमका दादाच्या तेव्हाच्या, आमच्या गावातल्याच क्लबात. दोघांची पस्तिशी उलटलेली. कोचने दोघांना पुन्हा शेजारी उभं केलं. क्लबात जुना म्हणून हाक आता दादाची होती.

मी दादाला म्हटलं, सरावात एकदा चुकून लाथ लागली तर कोण विचारणार आहे? मोड तंगडी.

“तंगडी सहा महिन्यांत जुळते,” दादा म्हणाला.

त्याने वर्षभर गोड्याला बोटही लावलं नाही. जुन्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. रोज हसून नमस्कार केला, पडला तर हात देऊन उठवलं, आणि प्रत्येक हाक चोख दिली. गोड्या त्यानेच वाळत गेला. दादाची हाक आली की तो आधी तिरक्या नजरेने दादाचे पाय बघायचा आणि मग निघायचा. हा आज मला पाडणार, उद्या पाडणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. चोराला सगळेच चोर दिसतात त्यातली गत. मी शेडखाली बसून ते बघायचे आणि माझा चहा जास्त गोड लागायचा.

शेवटच्या सामन्यात क्लबला फक्त हरायचं नव्हतं. बरोबरी झाली तरी क्लब लीगमध्ये टिकणार होता, आणि गोड्याला पुढच्या वर्षी सहायक कोच करायचं ठरत होतं. दादाचा तो अखेरचा सामना होता. मैदानात उतरताना दादा वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या कानाशी गेला आणि म्हणाला, “आज माझी हाक नीट ऐक.”

बस, एवढंच. गोड्याचा चेहरा पांढराफटक पडला. दादाने हे मला नंतर सांगितलं तेव्हा मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

अखेरच्या काही मिनिटांपर्यंत गोल नव्हता. मग समोरून उंच चेंडू आला आणि दादा ओरडला, “वर!” ती हाक मला चहाच्या टपरीपाशी ऐकू आली. तिघे एका दमात सरकले, दादा सगळ्यात आधी. गोड्याने मान वळवून आधी दादाचे पाय पाहिले, मग मागे पाहिलं, आणि तिथेच रुतला. गोल झाला.

क्लब खाली गेला. गवत कापणाऱ्या काकांपासून सगळ्यांचे चेहरे उतरले होते, आणि त्यांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. दादा गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याला रडू आवरत नव्हतं, ते नाटक नव्हतं. ती हाक त्याने खरंच जिंकायला दिली होती. आणि गोड्या ती मानणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

कोच म्हणाला, सोमवारी दोघांना समोर बसवून विचारतो. हाक आली हे सगळ्यांनी ऐकलं होतं. वेळेवर आली की उशिरा, हे मात्र शेजारी उभा असलेल्यालाच नक्की सांगता येतं. गोड्या दादाला गाठायला बाहेरच्या फाटकाशी आला. मी दादाची बॅग धरून तिथेच उभी होते.

तो म्हणाला, “हाक उशिरा दिली असं सांग ना. तुझं तसंही संपलंय. माझं अजून व्हायचंय.”

मी त्याच्या अंगावर जाणार होते. दादाने मला हाताने थांबवलं.

“आधी घरी चल. तेव्हाचं बाबांना खरं सांग,” तो म्हणाला. “मग कोचना सांगतो, उशिरा दिली.”

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. हातोड्याच्या मशिनीने आपले कान गेले असं ते सगळ्यांना सांगतात. घरातला अनुभव वेगळा आहे. स्वयंपाकघरात मी बिस्किटांचा डबा हळूच उघडला तरी बाहेरून ‘दोन आण’ असं येतं.

गोड्या त्यांच्यापुढे उभा राहिला आणि पुटपुटला की त्या दिवशी हाक मीच दिली होती.

“ऐकू येत नाही,” बाबा म्हणाले.

तो पुन्हा बोलला, जरा मोठ्याने.

बाबांनी हात लांब करून खिडकीची दोन्ही दारं उघडली. खाली जिन्यापाशी बायका बोलत उभ्या होत्या. “कान गेलेत रे माझे. मोठ्याने सांग.”

गोड्या ओरडला, “हाक मीच दिली होती. मी खोटं बोललो.” खालच्या बायकांचं बोलणं थांबलं.

“आता ऐकलं,” बाबा म्हणाले. मग ते दादाकडे वळले आणि म्हणाले, “आज कसा खेळलास?” इतक्या वर्षांनी तो प्रश्न आला होता.

गोड्या घाम पुसत दाराशी गेला. “मग सोमवारी कोचना सांगतोस ना? तू म्हणालास तसं?”

दादाने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. “मी असं काही म्हणालोच नव्हतो.”

गोड्याला ते समजायला वेळ लागला. मग तो माझ्याकडे वळला. “तू होतीस ना फाटकाशी? तू ऐकलंस ना?”

“खूप गोंगाट होता रे,” मी म्हटलं. “मला काही ऐकू आलं नाही.”

मागून बाबा म्हणाले, वारा येतोय, दार लावून घे. मी लावून घेतलं.