गोदावरीबाईचं संध्याकाळचं सांगणं

भंडाऱ्यातल्या भांडेवाल्यांच्या गल्लीत गोदावरीबाई नावाची एक बाई राहायची. आवाज असा, की तिनं आपल्या अंगणात "आलं का नळाले पाणी?" म्हटलं, तर बाजारातल्या बायांनी घागरी उचलाव्या. नवे लोक म्हणत, बाई भांडखोर दिसते. भांडखोर नव्हती बिचारी. नवरा बहिरा होता, इतकंच.

नवरा केवळराम मूळचा मोहाडीकडचा, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाढलेला. भावाभावांत जमीन वाटता वाटता त्याच्या वाट्याला नुसते धुरे, म्हणजे शेताचे बांध, उरले, म्हणून तो भंडाऱ्याला येऊन पितळेच्या कामावर लागला. दिवसभर हातोडी घेऊन गुंडावर, म्हणजे पाणी भरायच्या पितळी भांड्यावर, ठोके मारायचे. गुंड गोल होत गेले आणि कान जात गेले. त्या गल्लीत हे काही नवलाचं नव्हतं. तिथला एखादा म्हातारा छान हसून मान हलवू लागला, की समजायचं, ह्याला काही ऐकू आलेलं नाही.

गोदावरीबाई सकाळी वैनगंगेवर जाऊन यायची. लोक रस्त्यानं पाय बघून चालतात, ही डोळे उघडे ठेवून चालायची. संध्याकाळी केवळराम कामावरून आला, की सांदवाडीच्या, म्हणजे घरामागच्या बागेच्या, पायरीवर टेकायचा. त्याच्या हातात चहा द्यायचा आणि सांगायला बसायचं, हा तिचा नेम.

"आयकता का जी? आज मुरारीच्या दुकानापुढं चिंचेनं घासलेले गुंड उन्हात ठेवले होते. एकेका गुंडात एकेक सूर्य! एक गाय आली, आपलं तोंड पाह्यलं, आन् लाजून चालली गेली."

"असं का?" केवळराम म्हणायचा.

"ढिवरायनं नदीवर जाळे वाळू घातले होते. त्याच्यात दवच दव. मासोळ्या नाही भेटल्या, दव भेटलं त्यायले."

"असं का?"

"आन् आपल्या दोडक्याले फूल आलं. दिवसभर झोपते अन् दिवा लावायच्या टायमाले उठते, मोठ्या घरच्या सुनेवानी."

"असं का?"

एके दिवशी तिला शंका आली. ती म्हणाली, "आज नदीले आग लागली जी!"

"असं का?" केवळराम खुशीत म्हणाला. "छान दिसत असंन."

ती खूप हसली. मग आत जाऊन चुलीपुढं पदर तोंडाला लावून बसून राहिली. म्हणजे आजवर सांगितलेलं सगळं पाण्यात गेलं! दुसऱ्या संध्याकाळी तिनं चहा दिला आणि गप्प बसली. केवळराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला, ताटात वाढायचं राहून गेल्यासारखा. चहा निवला तरी पिईना. शेवटी तिनं सांगायला सुरुवात केली, आणि त्यानं बशी तोंडाला लावली. सांगताना तिचं तोंड कसं होतं, तेच त्याला पाहायचं असावं.

ऐंशी साल संपता संपता केवळराम गेला.

गोदावरीबाई त्यानंतरही नदीवर जायची. गुंडात सूर्य होता, जाळ्यात दव होतं. पण संध्याकाळी ते सगळं तसंच उरायचं. सांगायचं कोणाला? भिंतीपलीकडे आनंदाबाई होती, तीही एकटीच. पण गोदावरीबाईच्या शेवग्याची पानं तिच्या अंगणात पडतात, यावरून दोघींचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं.

होळी झाल्यावर मुलगा खुशाल जवाहरनगरहून आला. तिथल्या कारखान्यात त्याला नोकरी होती, क्वार्टर होतं.

"माय, चाल आता. इथं एकटी काय करून राहिली?"

"झाडायले पाणी कोण देईन?"

"पाऊस देईन ना."

"चैतात?"

"माय, झाडायपायी का माणसानं एकटं राहावं? तिथं मन लागलं तर हे घर भाड्यानं देऊन टाकू."

ती गेली. जवाहरनगर तिला आवडलंही. गुलमोहर रांगेत उभे, शाळेतल्या पोरांसारखे. संध्याकाळी कारखान्याच्या गाड्या सुटल्या, की खिडक्याखिडक्यांत जेवणाचे रिकामे डबे चमकायचे. पहिल्याच रात्री जेवताना तिनं हे सांगायला घेतलं. सून शकुन पोळी टाकता टाकता दचकली.

"आई, जरा हळू. बाजूचे रातपाळीचे आहेत, आता उठून कामावर जातीन. भांडण चाललं वाटंन त्यायले."

शकुन वाईट नव्हती. खरं तेच बोलली. गोदावरीबाई हळू बोलायला शिकली. पण हळू बोललं, की गुलमोहर नुसतं झाड व्हायचं आणि डबे नुसते डबे. खुशाल "हो, हो" म्हणत घास गिळायचा. त्याला सगळं ऐकू यायचं, पण तो तिच्या तोंडाकडे बघायचा नाही. पुढं तिनं सांगणंच सोडलं. आणि एक दिवस तिला कळलं, की आज आपण बाहेर जाऊन आलो आणि काहीच पाहिलं नाही.

"मले एसटीत बसवून दे," ती खुशालला म्हणाली.

भर वैशाखात तिनं घराचं कुलूप काढलं. सांदवाडी वाळून कोळ झाली होती. दोडक्याचा वेल नुसती दोरी. फक्त भिंतीलगतचा मोगरा हिरवागार होता, कळ्यांनी लगडलेला, आणि बुडाशी माती ओली. भिंतीवरून पाण्याचे ओघळ खाली आलेले होते.

संध्याकाळी तिनं चहा केला. पायरीवर बसली. बाजूची जागा रिकामी होती. अंगवळणी पडलेल्या हळू आवाजात ती म्हणाली, "मोगऱ्याले कळ्या आल्या जी."

भिंतीपलीकडून आवाज आला, "काय कुजबुजून राहिली वो? पोट दुखते का?"

"नाही."

"मंग मोठ्यानं बोल ना! गुडघे गेले तवापासून मी चौक नाही पाह्यला. तू केवळरामले सांगे, तवा पोळ्या लाटता लाटता मले सारं भंडारा दिसे. ते मुरारीच्या दुकानापुढची गाय परत आली का नाही, ते तूनं सांगितलंच नाही."

गोदावरीबाईनं चहा खाली ठेवला. "आन् शेवग्याच्या पानायचं?"

"ते भांडण वेगळं. ते उद्या करू."

गोदावरीबाईनं रिकाम्या पायरीकडे पाहिलं. तिच्याकडे बघणारं तोंड काही तिथं नव्हतं, आणि भिंतीला डोळे नसतात. तिनं घसा साफ केला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"आयकता का जी?"

ते 'जी' कोणासाठी होतं, हे आनंदाबाईला कळलंच असणार. पण भिंतीपलीकडून तिनं एवढंच म्हटलं, "हो, आयकून राहिली. सांग."