साडूभाऊ आणि मिसळीचं सांडपाणी

सांडपाण्यावर जीव ओवाळून टाकणारा माणूस साऱ्या त्रिखंडात एकच निपजला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दुसरा कोणी असता तर मी मोकळेपणाने कौतुक केलं असतं. पण आमचा दोघांचा धंदा एकच. नाशिकच्या आसपासची शेतातली रिसॉर्टं, द्राक्षबागेतली मुक्कामाची घरं, रस्त्यावरची हॉटेलं, यांचं सांडपाणी शुद्ध करायची सोय आखून द्यायची. मी या विषयातला एम.ई., तो नांदगावचा डिप्लोमावाला. तरी गिऱ्हाइकं मलाच विचारतात, "तुम्ही त्या कर्दळवाल्यांचे कोण?"

हॉटेलात गेल्यावर माणसं मेनूकार्ड बघतात. हा थेट मागच्या बाजूला मोरी बघायला जातो. हात धुऊन, प्रसन्न चेहऱ्याने परत येतो आणि सांगतो, "पनीर नका घेऊ, कालचं हाय." मोरीत त्याला काय दिसतं देव जाणे, पण आजवर एकदाही चुकलेला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासूबाईंच्या न्हाणीघरामागे तुंबलेलं पाणी त्याने खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून असं जिरवलं, की तेव्हापासून पुरणपोळीवरची तुपाची धार त्याच्या ताटात अंमळ जास्त वेळ चालते. मी मोजली आहे. थोरला जावई मी, पण सासूबाईंना त्याचं काही नाही.

गंगापूर रोडच्या पुढे, शेतात झोपाळे टांगून थाटलेलं एक मिसळीचं हॉटेल आहे. ते काम मात्र मी पटकावलं होतं. खुर्च्या मोजल्या, माणशी पाणी धरलं, चकचकीत मशीन बसवलं आणि साडूला मुद्दाम फोटो पाठवले. तिसऱ्याच रविवारी मशीनमध्ये लाल तेलाचा तवंग दाटला आणि सगळं बंद पडलं. वास पार झोपाळ्यांपर्यंत. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, महिन्याभरात वास गेला नाय, तर मशीन भंगारात अन् तुमचं नाव अख्ख्या नाशकात." नाव गेलं की या धंद्यात उरतं काय? झक मारत साडूला फोन केला.

तो रविवारी आला. मशीनकडे ढुंकूनही न बघता भांडी घासायच्या जागेशेजारी खुर्ची टाकून बसला, तीन मिसळी हाणल्या आणि दुपारपर्यंत परत येणाऱ्या वाट्या न्याहाळत राहिला. मग म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही माणसं मोजली, तर्री कुठं मोजली? नाशिककर तर्री दोनदा मागतो, अन् अर्धी वाटीत ठेवून जातो. लय तेल हाय हे." जन्म नाशकात गेला माझा, आणि ही गोष्ट मला नांदगावच्या माणसाने सांगावी! त्याने तेल अडवायचा खड्डा तिप्पट केला, पुढे कर्दळीचा वाफा घातला. पंधरा दिवसांत वास गेला. पुढे फुलं आली, तशी मिसळ खाऊन तृप्त झालेली मंडळी त्या वाफ्यापुढे उभी राहून फोटो काढू लागली. माझ्या मशीनचा फोटो कोणीही काढला नाही.

परवा अण्णांचा फोन आला. त्र्यंबक रस्त्याला दुसरं हॉटेल काढताहेत, काम मीच करायचं. मी चाट पडलो. "अहो, पण आमचे साडू?"

"त्यांनाच आधी विचारलं. तर म्हणाले, डिझाइन साहेबांचं एकदम बरोबर हाय, गडबड तर्रीनं केली. काम त्यांनाच द्या."

एखाद्यावर मनसोक्त जळायचं तर तो माणूस थोडा तरी वाईट असावा लागतो हो! हा तेवढीही सोय ठेवत नाही. आभार मानावेत म्हणून मी त्याला फोन लावला, घसा खाकरला, पण मी तोंड उघडायच्या आत तोच सुरू झाला. "नवी जागा उताराची हाय ना? तेलाचा खड्डा भांड्यांच्या मोरीला लागूनच घ्या, मोठा घ्या. अन् जेवलात का?"

"जेवलो," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आभार मानायचे राहूनच गेले. अजून राहिलेच आहेत.