कार्टाजेना बुद्रुक, कार्टाजेना खुर्द

जिनिंगच्या ऑफिसात पंधरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. मी सुरू झालो की बायको म्हणते, "आधी जेवून घ्या." पण हमीदचाचांचे किस्से मी जेवता जेवताही सांगतो.

अकोटच्या आमच्या जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गाठींवर मार्का मारायचं काम चाचांचं. अक्षरं कापलेला पत्रा गाठीवर धरायचा, वरून काळा रंग फिरवायचा, की बंदराचं नाव उमटलं. शेतीची ती फार वाईट वर्षं. गावोगावच्या बातम्या ऐकवत नसत. तरी प्रेस चालू राहिली, आमच्या चुली पेटत राहिल्या. त्यासाठी मी आजही हात जोडतो.

एकदा दोन ऑर्डरी सोबतच आल्या, दोन्ही कार्टाजेनाच्या. एक बंदर स्पेनचं, एक कोलंबियाचं. मॅनेजर वैतागले, "जगात नावं संपली काय?"

चाचा म्हणाले, "काहून, साहेब? आपल्या इकडं वडगावं किती हायेत, मोजा ना."

आठवड्याने मुंबईच्या एजंटचा फोन आला. "गाठींवर 'बु.' आणि 'खु.' लिहिलंय. हे कोणते देश?"

चाचांनी ब्रशने लिहून टाकलं होतं. जुनं म्हणून स्पेनचं बुद्रुक, मागून वसलं म्हणून कोलंबियाचं खुर्द! मॅनेजर तापले. चाचा शांत. "तलाठ्याले समजते, तं जहाजवाल्याले काहून नाही समजणार?"

गाठी मात्र बरोबर पोहोचल्या.

चाचांचा मुलगा सलीम जहाजावर खलाशी. एकदा ऑफिसच्या फोनवर त्याने कळवलं, "अब्बा, उद्या कार्टाजेनाले लागतो." दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर बातमी आली: कार्टाजेनाच्या बंदरात वादळ, दोन जहाजांचा पत्ता नाही.

"कोणतं?" चाचांनी विचारलं.

मी पट्टी वाचली. कोलंबियाचं. सलीम कोणत्या कार्टाजेनाला, ते त्याने सांगितलं नव्हतं आणि चाचांनीही विचारलं नव्हतं. जहाजाचा फोन लागेना. चाचा तीन तास फोनजवळ उभे होते, बसा म्हटलं तरी बसेनात. मॅनेजरने प्रेस थांबवली. हमाल दारात येऊन बसले.

शेवटी फोन वाजला. सलीम स्पेनला होता, धडधाकट. मला रडू आलं, सांगायला लाज कसली? मॅनेजरने सगळ्यांसाठी चहा मागवला. चाचांनी कप तसाच ठेवला आणि नमाजासाठी वजू करायला उठले.

मी म्हटलं, "चाचा, आता कायची दुआ? पोरगा तं सुखरूप हाय."

"त्या दुसऱ्या गावात, भाऊ," चाचा म्हणाले, "कोण्या बापाचा फोन अजून लागून नसंन राहिला."