पिशवीबाईंची तक्रार

"पेणकर बाईंनी आयुष्यभर दुखणे सोसले, पण त्यांच्या तोंडून तक्रारीचा शब्द कधी कोणी ऐकला नाही. अशी सोशिक शिक्षिका आता होणे नाही." गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या सभागृहात भरलेल्या शोकसभेत माजी पर्यवेक्षकांनी हे उद्गार काढले आणि पनवेलमधले निम्मे निवृत्त शिक्षक माना डोलावत बसले. मी बोलायला उठलो तेव्हा वेळ संपल्याचे मला सांगण्यात आले. म्हणून लिहितो आहे. पर्यवेक्षकांचे वाक्य सौजन्याने ओथंबलेले आहे आणि ते खोटे आहे.

मुले त्यांना पिशवीबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होते. गरम पाण्याची रबरी पिशवी पदराखाली ओटीपोटाशी धरून त्या फळ्यावर भूमिती शिकवत. एकदा नववीच्या वर्गात कुजबुज झाली, तेव्हा त्यांनी पिशवी सरळ टेबलावर ठेवली. "हा समभुज त्रिकोण, आणि ही शेकायची पिशवी. पाळीत माझं पोट फार दुखतं, म्हणून ती लागते. दोन्हींबद्दल शंका असतील तर आत्ताच विचारा." शंका त्रिकोणाबद्दलच आल्या. मी शेजारच्या वर्गात संस्कृत शिकवीत होतो. मधली भिंत पातळ होती. मला संकोच वाटला. परंतु संकोच वाटणे वेगळे आणि ऐकूच आले नाही असे म्हणणे वेगळे.

दुखण्याशी त्यांचा व्यवहार रोखठोक होता. गोळी त्या कळ येण्याच्या आधी घेत. "पाहुणा दारात आल्यावर चहाचं आधण ठेवून काय उपयोग?" असे म्हणत. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडत आणि सावकाश श्वास सोडत राहत. कोणी डोकावले तर पडल्या पडल्याच कामाचे विचारत. पिशवीचे पाणी तापवून द्यायच्या आमच्या शिपाई गौरीमावशी, उरणकडच्या कोळी. "आमाला पन दुखतं बाय, पन आमी कोनाला सांगत नाय," त्या एकदा म्हणाल्या. "तुमी सांगता, बरा करता." बाई म्हणाल्या, "मग तुम्हीही सांगा की." मावशी हसल्या. "माजा कोन ऐकतंय? तुमचा तरी ऐकतील." मावशींचा अंदाज चुकला.

ऐकणारे भेटायला बाईंना वर्षे लागली. एका डॉक्टरांनी लग्न करा म्हणून सांगितले, दुसऱ्यांनी मन रमवा म्हणून. अखेर मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट विचारपूस करून दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली आणि निदान सांगितले: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर, भलत्या जागी धरते आणि दर महिन्याला तिथे दाह होतो; जुने झाले की एरवीही रोज दुखू लागते. ते काढले तरी पुन्हा धरू शकते, हेही त्यांनी स्पष्ट बजावले. हे सारे बाईंनी मला स्टाफरूममध्ये, चहा पिता पिता, एखादे प्रमेय समजावून द्यावे तसे समजावून दिले.

बाई बेने इस्राएल समाजाच्या. कोकणातली ही ज्यू मंडळी आपल्याइतकीच मराठी, पण देवाचे आभार मानायची त्यांची रीत निराळी. शस्त्रक्रियेनंतर बाईंनी घरी मलिदा केला आणि आम्हां सर्व शिक्षकांना बोलावले. तबकात गोड पोह्यांची रास, त्यांत खोबरे आणि वेलची, भोवती फळे. हिब्रू प्रार्थना झाली, एलियाहू हनवी या प्रेषितांचे नाव घेतले गेले आणि प्रसाद हातावर आला. तो खाता खाता बाईंनी पर्यवेक्षकांना विचारले, "सर, सकाळी सातच्या तासाला मला उभं राहवत नाही. गोळी आणि शेक लागू पडायला वेळ लागतो. पहिला तास मला नको. बदल्यात शेवटचा रोज घेईन." शेवटचा तास कोणालाच नको असतो. पर्यवेक्षक म्हणाले, "दिला शब्द. जूनपासून पहिला तास तुम्हाला नाही." सगळे हो म्हणाले. मीही तिथेच चटईवर बसलो होतो.

जूनमध्ये वेळापत्रक लागले. पहिला तास, रोज, पेणकर बाई. त्या विचारायला गेल्या तेव्हा मी सोबत होतो.

"बाई, तुमचा मलिदा झाला ना?" पर्यवेक्षक म्हणाले. "आमच्यात बरं वाटल्यावर नवस फेडतात. फेडल्यावर पुन्हा दुखणं कसं?"

"सर, मी बरी झाले म्हणून मलिदा नव्हता. दुखण्याला नाव मिळालं, त्याचे आभार होते."

"नावाचे कोणी आभार मानतं का?"

"ज्याला इतकी वर्षं नाटकी म्हटलं, तो मानतो."

पर्यवेक्षक म्हणाले, "उद्या बाकीच्या शिक्षिकाही मागतील."

"मागू देत ना, सर."

त्यांचा खरा अडसर हाच होता. मलिद्याचा गैरसमज मी क्षम्य मानतो. बाईंनी तो तिथल्या तिथे दूर केला होता. पुढे जे घडले ते क्षम्य मानत नाही.

शिक्षकांच्या सभेत बाईंनी आजाराचे नाव, कळ कुठून कुठे जाते, उभे राहिल्यावर काय होते, हे सर्व पुन्हा सांगितले. ज्यांनी मलिदा खाताना हो म्हटले होते, ते सारे खिडकीबाहेर पाहू लागले. एक ज्येष्ठ शिक्षिका म्हणाल्या, "आम्हीही बायकाच आहोत हो. आम्ही नाही कधी बाऊ केला." बाई उत्तरल्या, "तुमचं तितकं दुखत नसेल तर मला आनंद आहे. दुखत असेल तर माझ्या बाजूनं बोला." त्यांनी तपासायच्या वह्या पुढे ओढल्या. पहिला तास मी घेतो, असे मी उभा राहून सांगितले. "शास्त्रीबुवा, संस्कृतच्या तासाला निम्मा वर्ग जागेवर नसतो," पर्यवेक्षक म्हणाले आणि सभा हसली. ज्यांच्या डब्यातली भाजी मी वर्षानुवर्षे खाल्ली, ती माणसे हसली. त्या दिवसापासून मी माझा डबा एकट्याने खाल्ला, आणि आजही त्यांच्या पंगतीला बसत नाही.

दोन वर्षे बाईंनी पहिला तास घेतला. दुखणे पुन्हा उलटले होते. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ते आटोक्यात येई; पण सातच्या ठोक्याला फळ्याशी उभे करणारी गोळी कोणाकडे नव्हती. बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि इस्राएलला बहिणीकडे जायचे ठरवले. तिथेच त्या दोन महिन्यांपूर्वी झोपेत गेल्या. निवृत्तीच्या वेळी इथे मात्र सर्वांनी परस्पर ठरवून टाकले की, बाईंना आपल्या माणसांची ओढ लागली. निरोपसमारंभात पर्यवेक्षकांनी शाल-श्रीफळ देताना हेच ऐकवले. त्या दिवशी सभागृहात सगळे होते: शोकसभेत माना डोलावणारे, खिडकीबाहेर पाहणारे, दाराशी गौरीमावशी. आता मी एकच गोष्ट सांगतो आणि थांबतो. ती कोणी खोटी ठरवून दाखवावी.

बाईंनी शाल हातात घेऊन ध्वनिक्षेपक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "बहिणीची ओढ मला नाही, आम्ही दोघी भांडतो. मला पनवेल सोडायचं नाही. सकाळी उभं राहताना मला फार दुखतं, हे मी इथल्या प्रत्येकाला सांगितलं आहे. आज जरी पहिला तास काढलात, तरी ही शाल परत देते आणि उद्या शिकवायला येते." ध्वनिक्षेपक चालू होता. पर्यवेक्षक त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते, आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.