पी दारछुंगीवरचा माझा संशय

पी दारछुंगीच्या कमरेला गुंडाळलेल्या पुआनला दारूचा वास येतो, हे पहिल्यांदा माझ्याच नाकाने टिपलं. आमच्या डोंगरात बाईला मानाने 'पी' म्हणतात, पुरुषाला 'पू'; दारूला मात्र बंदी. त्यात ती एकटी विधवा. रविवारी चर्चच्या दुपारच्या सभेत शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत ती मागच्या दाराने निघायची. हातात झाकलेली टोपली घेऊन ओढ्याची वाट धरायची. घरोघरी चर्चसाठी बाजूला काढलेले मूठ-मूठ तांदूळ गोळा करायचं काम तिच्याकडेच होतं. तांदूळ कुठे मुरत असतील, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

मी स्त्रीसंघाची चिटणीस. चर्चच्या कारभारी वडिलांना आमच्यात 'उपा' म्हणतात; त्यांतल्या उपा झाइरेमा यांच्या कानावर मी हे घातलं. त्यांची प्रार्थना ऐकून बायका डोळे पुसत. चंफाईला लेकीकडे राहणाऱ्या आपल्या आजारी थोरल्या भावासाठी ते दर बुधवारी हात जोडत.

"तांदळाचं काम काढून घ्या तिच्याकडून," ते म्हणाले. "गाणाऱ्या बायकांतूनही उठवा."

मी निरोप दिला. तिने तांदळाची पिशवी माझ्या हातात ठेवली. "बरं झालं, तेवढाच वेळ मिळेल," म्हणाली. कशाला हवा होता हिला वेळ?

पुढच्या रविवारी उपांना घेऊन मी तिच्या मागावर निघाले. ओढ्यापलीकडे शेतातली जुनी झोपडी दिसली, तिच्यातून धूर निघत होता. उपा थबकले.

"परत जाऊ, पी रोकिमी. सभेत बोलावून विचारू तिला."

"आता हाताशी आलीय, आणि परत?"

ते पुढे येईनात. आता मला त्यांचाही संशय यायला लागला. मी एकटीच आत शिरले.

आत भट्टी नव्हती. चटईवर पाय सुजलेला एक म्हातारा पडला होता, तोंडाला दारूचा भपका. दारछुंगी त्याचे घाण कपडे धूत होती आणि तो पेज पातळ झाली म्हणून तिला शिव्या देत होता. चेहरा ओळखला आणि मी चरकले. उपांचे थोरले भाऊ, पू लियानखूमा.

"तुम्ही तर चंफाईला होता ना?"

"कोण म्हणतं? धाकट्यानं इथं आणून टाकलं. पिणारा भाऊ घरात असला की उपाला शोभत नाही."

बाहेर उपा बायबल काखेत धरून जमिनीकडे बघत उभे होते.

"अगं, सांगायचंस तरी," मी दारछुंगीला म्हटलं.

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही नुसताच वास घेत होता."

तिची गालफडं किती बसली होती, ते मला तेव्हा दिसलं. पेजेचे तांदूळ तिच्या स्वतःच्या ताटातले होते.

तीन आठवड्यांनी उपा झाइरेमा भावासाठी पाणी वाहताना दिसले, तेही भर रस्त्याने. त्या दिवशी मीही झोपडीवर गेले होते.

"लोकांना दाखवायला चाललंय सगळं," मी कुजबुजले.

"असू दे. पाणी तर खरं आहे ना?" दारछुंगीने ओल्या घोंगडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "धरा, पीळ द्या."

मी पीळ दिला. मी मदतीला आले होते की उपांवर नजर ठेवायला, हे मलाही धड सांगता आलं नसतं.