भाभीसांचा कप

जयपूरच्या एका फिल्म स्टुडिओत पर्यटकांना दुपारचा चहा प्लायवुडच्या दरबाराच्या सेटवर मिळतो. मुलीने आम्हा दोघांचं बुकिंग केलं तेव्हा माझी बायको हयात होती. आता मी एकटाच आलो होतो. समोरचा रिकामा कप कोणी उचलून नेऊ नये, एवढंच मनात होतं.

चहा वाढायला महाराजांच्या वेशातला एक बुटका माणूस होता. एका हातात किटली धरून दुसऱ्याने तो चिकटवलेल्या मिशीला पीळ द्यायचा, आणि नको म्हणणाऱ्यालाही वाकून आग्रह करायचा; तिकडे त्याला मनुहार म्हणतात. माझ्यापाशी येऊन त्याने विचारलं, "हुकुम, और कोई आएगा?"

"पत्नी आनेवाली थी. अब नहीं रही."

तो रिकाम्या खुर्चीपुढे कमरेत वाकला. "भाभीसा की मनुहार तो होगी," असं म्हणत त्याने तिचा कप भरला. वाफेने मिशी सुटली आणि थेट त्या कपात पडली.

त्याने शांतपणे ओठ चाचपला. "लो हुकुम, भाभीसा ने तो राजा की मूँछ उतरवा ली."

कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने हसलो. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने माझीही मिशी अशीच उतरवायला लावली होती.